बिवळ्याच्या वीस कुप्या

विलेपार्ले (पूर्व)
४ सप्टेंबर २०२५

ती. धोंडिरामकाका,
सा. न.

तुम्हाला फोनवर भोंग्याशिवाय काही ऐकू येत नाही आणि मला जिना उतरता येत नाही, तेव्हा आपल्या दोघांच्या नशिबी पोस्टमन. माझ्या पायाला प्लास्टर आहे. प्रयोगशाळेतली खोकी खाली नेताना कॉलेजच्याच जिन्यावर घसरले आणि घोटा दोन ठिकाणी मोडला. डिसेंबरपर्यंत घराबाहेर पडायचं नाही असं फर्मान आहे.

हे पत्र पोचेल त्याआधी देवेश तुमच्याकडे एक कंटेनर ठेवून गेलेला असेल. देवेश माझा जुना विद्यार्थी, आता अंधेरीच्या एका संस्थेत आहे. त्याने काय काय सांगितलं ते तुम्हाला ऐकू गेलं नसणार, म्हणून सगळं नीट लिहिते.

आमच्या कॉलेजने प्रयोगशाळा बंद केली. तिथे सेमिनार हॉल होणार आहे. जूनमध्ये सामान हलवताना एसी चार दिवस बंद राहिला आणि बाटल्यांमध्ये वाढवलेली आपल्या बिवळ्याची सगळी रोपं बुरशीने गेली. तेव्हा मी फार रडले नाही. म्हटलं, आरेतलं मूळ झाड उभं आहे, पुन्हा शेंडे आणू. आणि जुलैतल्या वाऱ्यात झाडच पडलं. मी दुसऱ्या दिवशी आरेत पोचले तोवर करवतीने तुकडे होऊन ट्रक निघूनही गेला होता. तुम्ही त्या लाल डिंकाच्या डागांपाशी छत्री मिटून उभे होतात, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्याच्या बिया पोकळ होत्या हे तुम्हाला माहीतच आहे. अकरा वर्षं मी त्याच्या पापड्या फोडल्या, एकीतही दाणा सापडला नाही. म्हणजे त्या झाडाचं जगात जे काही उरलंय ते या कंटेनरमध्ये आहे. मार्चच्या पालवीतले मोहरीएवढे शेंडे कापून, साखर-ग्लिसरीनच्या पाकात मुरवून मी गोठवले होते. वीस कुप्या, एकेका कुपीत दहा शेंडे. उणे एकशे शहाण्णव अंशांत ते शंभर वर्षंही झोपून राहतील. पण कंटेनरमधला द्रव नायट्रोजन संपून कुप्या गरम झाल्या तर खेळ खलास.

कॉलेज कंटेनर ठेवू देत नाही. देवेशच्या संस्थेत जागा मिळायला जानेवारी उजाडेल. माझ्या तिसऱ्या मजल्यावर नायट्रोजन कोण चढवणार? मग आठवलं, हे काम माझ्यापेक्षा जास्त वर्षं केलेला एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. तुम्ही ते म्हशींसाठी केलंत एवढाच फरक. तबेल्यांच्या युनिटवरच्या सुबोध डॉक्टरांशी बोलले आहे, त्यांच्याकडे नायट्रोजनची गाडी येते, त्यातून ते तुम्हाला देतील.

एकच कळकळीची सूचना. या कंटेनरचं तोंड रुंद आहे. दर आठ दिवसांनी भरायचा म्हणजे भरायचाच. शकुमावशी असत्या तर तुमच्या मागे लागून त्यांनी भरून घेतला असता, आता ते काम मला पत्रातून करावं लागणार.

तुमची,
उत्तरा


आरे कॉलनी
९ सप्टेंबर २०२५

उत्तराताई यांस,
सप्रेम जयभीम.

कंटेनर पोचला. देवेश बराच वेळ तोंड हलवत होता, मी मान हलवत होतो. भला मुलगा आहे.

ताई, चौतीस वर्षं मी या युनिटांत कृत्रिम रेतनाचं काम केलं. सायकलच्या कॅरियरला कंटेनर बांधून पाऊसपाण्यात तबेले फिरलो. आमच्या कंटेनरला वीस-वीस दिवस काही होत नसे. आठ दिवसांचं हे तुम्हा कॉलेजवाल्यांचं फॅड. तरी भरीन. मला तुमच्याशी भांडायला आवडतं म्हणून लिहिलं.

माझी फूटपट्टी अजून आहे. आमच्या लेकीच्या, संघमित्राच्या शाळेच्या दिवसांतली, लाकडी, आकडे अर्धे पुसलेत. कंटेनरमध्ये तळापर्यंत सोडायची, दहा मोजायचे, काढून हवेत हलवायची. जितके सेंटिमीटर पांढरं दंव धरतं तेवढा नायट्रोजन. रोज सकाळी चहाच्या आधी बघतो. प्रत्येक पत्राखाली माप लिहीन, म्हणजे तुम्हाला झोप लागेल. बाकी ठेवायची माझी एक पद्धत आहे, त्यात लुडबुड करू नका.

तुम्ही म्हणता झाड उरलं. मला त्यापेक्षा जास्त काहीतरी उरलं आहे. शकुची राख मी आणि संघमित्राने त्याच बुंध्याशी मातीत कालवली होती. तिनेच सांगून ठेवलं होतं. साखरेच्या आजारासाठी त्याच लाकडाच्या पेल्यातलं निळं पाणी ती रोज प्यायची, म्हणायची, या झाडाचं देणं लागते मी. दोन पावसाळे झाडाने ती राख ओढली. मार्चमध्ये तुम्ही पालवी खुडलीत तेव्हा ती त्या पालवीत होती असं मी धरून चालतो. मी बौद्ध माणूस, आत्मा-बित्मा मानत नाही. पण राखेचं खत होतं हे तर शास्त्र आहे ना? चूक असेल तर सांगू नका.

दसऱ्याला दीक्षाभूमीला जाणार आहे. शकु गेल्यापासून गेलो नव्हतो.

आपला,
धोंडिराम खरात

माप: सोळा.


विलेपार्ले
१७ सप्टेंबर २०२५

ती. काका,
सा. न.

चूक नाही. मुळं जे ओढतात ते पालवीत जातं, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. हा भाग मला माहीत असता तर मार्चमध्ये जास्त शेंडे खुडले असते.

बातमी अशी की देवेशच्या संस्थेची समिती जानेवारीपासून आपल्याला एक खोली द्यायला तयार आहे. तिथे शेंडे जागे करून रोपं वाढवता येतील. पण आत काही जिवंत आहे याचा पुरावा आधी द्या म्हणतात. तेव्हा चाचणीसाठी दोन कुप्या लागतील. दहा तारखेला देवेश थर्मास घेऊन येईल.

नागपूरला जाण्याआधी कंटेनर भरून जा. आठ दिवस, काका. वीस नाही. हवं तर म्हातारी झाल्यावर कोण बरोबर होतं यावर भांडू.

तुमची,
उत्तरा


आरे कॉलनी
९ ऑक्टोबर २०२५

उत्तराताई यांस,
जयभीम.

नागपूरहून आलो. गर्दी होती. शकुच्या नावाने मेणबत्ती लावली. येताना मुलुंडला संघमित्राकडे थांबलो, थोडा ताप होता, आता नाही.

कंटेनर ठीक आहे. देवेशसाठी दोन कुप्या काढून ठेवल्यात. चांगल्या बघून काढल्यात.

एक विचारायचं होतं. पूर्वी गोरेगावच्या बाजूला एक जण माझंच काम करायचा. त्याचा कंटेनर एकदा कोरडा पडला. आत गारवा होता, पण नायट्रोजन नव्हता. त्याने लगेच पुन्हा भरला. त्याच्या वीर्याच्या कांड्यांतल्या काही वाचल्या असतील का? आणि तुमच्या शेंड्यांचं तसं झालं, समजा, तर काही तरी वाचेल ना? उगाच विचारतो. रिकाम्या माणसाला काहीही आठवतं.

आपला,
धोंडिराम

माप: सोळा.


विलेपार्ले
१५ ऑक्टोबर २०२५

काका, काका, काका!

जिवंत आहेत! देवेशने शेंडे एक दिवस रंगाच्या द्रावणात ठेवले. जे जिवंत असतात ते लाल होतात, मेलेले पांढरेच राहतात. वीसपैकी बारा लाल! त्याने फोटो पाठवला तेव्हा मी अशी ओरडले की खालच्या मजल्यावरची तेजल धावत आली, म्हणाली, दुसरा पायपण मोडलास का गं? बिवळा गोठवून जागा करता येतो, काका. अकरा वर्षं लोक मला वेड्यात काढत होते.

समितीला आता डोळ्यांदेखत चाचणी हवी आहे. देवेश बावीस तारखेला पुन्हा येईल, त्याला आणखी दोन कुप्या द्या. आपल्याकडे भरपूर आहेत.

तुमच्या त्या गोरेगावच्या माणसाचं वाईट वाटलं, पण काहीही वाचलं नसणार. कुप्या आपोआप हळूहळू गरम झाल्या की आत बर्फाच्या सुया होतात आणि पेशी फाटतात. पुन्हा नायट्रोजन घातला की उरलेल्या फाटतात. त्याने ते भरलं ते फक्त मनाच्या समाधानासाठी.

तुमचं पत्र फारच त्रोटक होतं. ताप खरंच गेला का? तेजलबरोबर चकल्या पाठवते आहे. दात असतील तिकडून खा.

तुमची,
उत्तरा


आरे कॉलनी
२४ ऑक्टोबर २०२५

उत्तराताई यांस,
सप्रेम जयभीम.

बारा! पत्र वाचून मी सुबोध डॉक्टरांना जाऊन दाखवलं. ते म्हणाले, खरातसाहेब, आता म्हशी सोडा आणि जंगल खात्यात लागा.

आमच्यात कांडीची चाचणी एकच. म्हैस गाभण राहिली तर कांडी चांगली, उलटली तर वाईट. दोन-तीन महिने वाट बघायची. तुमचं एका दिवसात कळतं, हे भारी आहे.

आता बारा रोपं म्हणजे कुंड्या लागतील. मोठी कधी होतील ते कळवा. मला बारा नकोत. एक द्या, जुन्या बुंध्याच्या जागी लावायला. मी खड्डा खणून ठेवला आहे, शेणखत घालून. रोज संध्याकाळी जाऊन बसतो तिथे. शकुला सांगतो, येतेयस तू.

परवा देवेश आणखी दोन कुप्या घेऊन गेला. त्यांचं काय होतं ते मला लगेच कळवा. दोन्हींचं वेगवेगळं कळवा.

चकल्या खाल्ल्या. दात आहेत.

आपला,
धोंडिराम

माप: चौदा.


विलेपार्ले
१ नोव्हेंबर २०२५

ती. काका,

तुमचं पत्र वाचलं. चूक माझी आहे. मी सगळं लिहिलं आणि मुख्य गोष्टच लिहायची राहिली.

ती बारा रोपं नाहीत, काका. शेंडा लाल होतो तो मरतानाच. त्या रंगातून काहीही जिवंत बाहेर येत नाही. चाचणी झाली की सगळं फेकून द्यावं लागतं. शेंडे खरोखर रुजवून बघायचे तर जंतू नसलेली खोली हवी, दीड-दोन महिने हवेत, आणि माझ्याजवळ मोडका पाय आहे. म्हणून ही झटपट चाचणी घेतली. चाचणी म्हटल्यावर तुम्हाला काय वाटेल याचा मी विचारच केला नाही. तुम्ही खड्डा खणलात हे वाचून मला स्वतःची लाज वाटली.

पण खचून जाऊ नका. तुमच्याकडे सोळा कुप्या आहेत. एकशे साठ शेंडे. तुमचं रोप त्यातून येणार, हे माझं वचन.

आता दुसऱ्या चाचणीचं. तुम्ही वेगवेगळं कळवा म्हणालात. एका कुपीत दहापैकी सात लाल झाले. दुसरीत एकही नाही. दहाच्या दहा पांढरेफटक. समितीतल्या एका गृहस्थांनी घड्याळाकडे बघितलं आणि खोलीचं नंतर कळवतो म्हणाले. मला काही सुचत नाही. एकाच दिवशी, एकाच हाताने गोठवलेल्या कुप्या. ही पाकात जास्त मुरली का? माझी पद्धतच कच्ची आहे का? चार दिवस वह्या उघडून बसले आहे. माझंच काहीतरी चुकलं असणार.

उत्तरा


आरे कॉलनी
७ नोव्हेंबर २०२५

उत्तराताई,

वह्या बंद करा. तुमचं काही चुकलेलं नाही.

गोरेगावचा माणूस कोणी नव्हता. तो मीच.

एकोणीस सप्टेंबरला कंटेनर भरला होता. सत्तावीसला नागपूरला निघताना पट्टी टाकली, आठ आलं. तुमच्या हिशेबाने त्याच दिवशी भरायचा होता. डॉक्टरांकडचा नायट्रोजन तळाला गेला होता, गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती. मी मनात म्हटलं, आठ म्हणजे आपल्या कंटेनरला दहा-बारा दिवस सहज. डॉक्टरांना घराची किल्ली दिली असती तर त्यांनी भरून ठेवला असता. सुचलं नाही असं नाही, गरज वाटली नाही. चौतीस वर्षांचा माज, ताई. मला कोण शिकवणार!

परत येताना मुलुंडला ताप भरला आणि चार दिवस तिथेच पडलो. सात ऑक्टोबरला घरी आलो. झाकण उचललं तर वाफ आली नाही. पट्टी टाकली, कोरडी. हात घातला, आत माठाइतकं गार. किती दिवस तसं होतं कोण जाणे. धावत जाऊन नायट्रोजन आणला आणि काठोकाठ भरला. मग तुम्हाला सोळा लिहिलं.

आता दुसरी गोष्ट. आमच्या कामात एक रीत आहे. एका रेड्याच्या सगळ्या कांड्या एका कंटेनरमध्ये ठेवायच्या नाहीत. तुमचा कंटेनर आला त्याच दिवशी मी त्यातल्या चार कुप्या डॉक्टरांच्या कंटेनरमध्ये हलवल्या, मुऱ्हा रेड्यांच्या कांड्यांच्या शेजारी. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तो सरकारी कंटेनर आणि तुम्ही रागावला असता.

तुम्ही चाचणीला दोन मागितल्यात तेव्हा मी त्या चारांतल्या दिल्या. मला वाटलं, तुम्ही त्या रुजवणार. चांगल्या कुप्यांची झाडं होतील, शकुचं झाड जगेल, आणि घरातल्या कुप्या मेल्यात हे कोणाला कळायची गरज पडणार नाही. दुसऱ्या वेळी एक त्यांतली दिली आणि एक घरातली. घरातली लाल झाली असती तर मी सुटलो असतो. म्हणून वेगवेगळं कळवा म्हटलं. ती पांढरी झाली.

म्हणजे घरात पंधरा आहेत त्या मेलेल्या आहेत. महिनाभर मी मेलेल्यांना नायट्रोजन पाजतोय. चांगल्यांतली एकच उरली आहे, डॉक्टरांच्या कंटेनरमध्ये. तीन मी माझ्या हाताने तुमच्याकडे मारायला पाठवल्या.

काल खड्ड्यापाशी गेलो नाही. काय सांगू तिला?

धोंडिराम


विलेपार्ले
१९ नोव्हेंबर २०२५

धोंडिरामकाका,

बारा दिवस उत्तर दिलं नाही, कारण जे लिहीत होते ते पाठवण्यासारखं नव्हतं.

मला तुमचा भयंकर राग आला आहे. कंटेनर कोरडा पडला याचा नाही. माणूस चुकतो, आणि तापात पडलेल्या माणसाला काय बोलणार? राग याचा की सात तारखेला तुम्हाला कळलं आणि तुम्ही महिनाभर मला नाचू दिलंत. एक ओळ लिहिली असतीत तर मी त्या तीन कुप्यांना हात लावला नसता. सोळा लिहिलं ते खरंच होतं, असं तुम्ही मनात म्हणाला असाल. नुकताच भरला होता, पट्टी खोटं बोलत नव्हती. असल्या खऱ्याचं मी काय करू?

आणि मी कोणत्या तोंडाने बोलते? तीस जागे होऊ शकणारे शेंडे मी रंगात बुडवले. त्यातले एकोणीस जिवंत होते. बारा आणि सात. एकेक मोजला आणि आनंदाने ओरडले. भरपूर आहेत असं वाटलं की माणूस कसा उधळतो ते मला आता कळलं. पुरावा हवा होता समितीला, आणि समितीने परवा कळवलं की खोली देता येणार नाही. निकाल निम्मा-निम्मा आला म्हणे.

तेव्हा आता खोली नाही, प्रयोगशाळा नाही, एक कुपी आहे. दहा शेंडे. देवेश त्याच्या टेबलाचा एक कोपरा आणि रोपं वाढवायच्या खोलीतली वीतभर फळी लपूनछपून देतोय. एक डिसेंबरला प्लास्टर निघेल. आठला मी आरेत येते. गोठवलेली कुपी अंधेरीपर्यंत हलवायचीही आता हिंमत नाही. तुमच्या घरातच वितळवू आणि शेंडे तिथून नेऊ.

तोवर त्या कुपीला कोणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा.

उत्तरा


आरे कॉलनी
२६ नोव्हेंबर २०२५

उत्तराताई यांस,

रागावलात ते बरोबर केलंत. शकुने तर मला जेवायला वाढलं नसतं.

डॉक्टरांच्या कंटेनरला कुलूप घातलं आहे, किल्ली त्यांच्याकडे. रोज सकाळी त्यांच्यासमोर पट्टी टाकतो आणि आकड्यापुढे त्यांची सही घेतो. कागद सोबत जोडला आहे. माझ्या आकड्यावर तुम्ही का विश्वास ठेवावा?

आठला पाणी तयार ठेवतो. आमच्या कांडीला सदतीस अंश लागायचे, माझं कोपर ते बरोबर सांगायचं. तुमचं काय ते सांगा. आणि थर्मामीटर घेऊन या. कोपरावर आता माझाही भरवसा नाही.

धोंडिराम

माप: अठरा. डॉ. सुबोध यांची सही सोबत.


विलेपार्ले
२३ जानेवारी २०२६

ती. काका,
सा. न.

आठ डिसेंबरनंतर मी काही लिहिलं नाही, आणि त्या दिवशीही आपण फार बोललो नाही. तुम्ही स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहून चाळीस अंशांच्या पाण्यात कुपी गोल गोल फिरवत होतात आणि मी सेकंद मोजत होते. मोठ्याने मोजत होते, तरी ते तुम्हाला ऐकू आलं नसेल. बाहेर पडताना तुमचा खड्डा बघितला. तुम्ही बुजवला नव्हतात.

नंतरचं सांगते. पहिल्या आठवड्यात चार शेंडे काळे पडले. नाताळापर्यंत आणखी तीन. एक तारखेला दोन गेले. देवेश फोटो पाठवायचा आणि मी उघडायचीच नाही, आधी पाणी प्यायची, मग उघडायची. उरला एक. तो काळाही नाही आणि हिरवाही नाही, पिवळट, साबुदाण्यासारखा. सहा आठवडे तसाच. मी देवेशला म्हटलं, टाकून दे आता, मला रोज आशा लावू नकोस. त्याने ऐकलं नाही.

सोमवारी तो हिरवा झाला, काका. एका टोकाला. काल मोजला तर चार मिलिमीटर आणि एक पान उलगडतंय. दोनशे शेंड्यांतला एक.

हे कळवताना मला नाचता येत नाहीये, त्याचं कारण असं. देवेशच्या संस्थेत सत्तावीस तारखेपासून पाच दिवस दुरुस्तीसाठी वाढीच्या खोलीचा एसी बंद राहणार आहे. जूनमध्ये चार दिवसांत काय झालं ते मी पाहिलंय. माझ्या पश्चिमेला तोंड असलेल्या घरात दुपारी भट्टी होते. तुमची मागची खोली आरेच्या झाडीत, डिसेंबरात मला शाल लागली होती तिथे.

म्हणून सव्वीसला मी बाटली घेऊन तुमच्याकडे येते. शकुमावशींच्या कपाटाशेजारी ठेवू. ऊन लागू द्यायचं नाही, झाकण उघडायचं नाही. फूटपट्टी काचेला बाहेरून लावून रोज माप घ्यायचं आणि लिहायचं. शेंडा दोन इंचांचा झाला की पहिलं काम, त्याचे दोन करायचे आणि दोन घरांत ठेवायचे. तुमच्या रेड्यांच्या रीतीने.

आत्ता मात्र एकच आहे, आणि तो एकाच घरात राहणार. तुमच्या. मी खूप विचार केला, दुसरीकडे कुठे ठेवू? मग लक्षात आलं की मला दुसरीकडे ठेवायचाच नाहीये.

डॉक्टरांची सही नको.

तुमची,
उत्तरा


आरे कॉलनी
३० जानेवारी २०२६

उत्तरा पोरी,
जयभीम.

शकु तुला तू म्हणायची. आजपासून मीही म्हणतो, चालेल ना?

बाटली कपाटाशेजारी आहे. संघमित्रा मुलुंडला चल म्हणून बोलवायला आली होती, तिला सांगितलं, पाच दिवस मी घराचा उंबरा ओलांडणार नाही. तिने भाजी आणून टाकली आणि बाटलीकडे बघत बसली.

लपवत नाही, काल दुपारी पावणेदोन तास वीज नव्हती. मी ओल्या फडक्याने खिडकी झाकली आणि पुठ्ठ्याने वारा घातला. बाटलीला नाही, खोलीला. झाकण उघडलेलं नाही. काचेला आतून थोडं पाणी धरलं होतं, संध्याकाळी गेलं. ते चांगलं की वाईट मला माहीत नाही, म्हणून लिहिलं.

पट्टी सकाळी लावली, चहाच्या आधी. चष्मा पुसून दोनदा लावली. पान उलगडायचं थांबलं आहे असं मला वाटतं. हातात पेन घेतलं तेव्हा साडेचार लिहायचा फार मोह झाला, तू घरी बसून वाट बघत असशील म्हणून.

तुझा,
धोंडिरामकाका

माप: चार. कालही चारच होतं.